रागावलेल्या विद्यार्थ्यांची बाजू

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळेत नेमलेल्या अभिजात कादंबऱ्यांविषयी वाचक बोलू लागले की विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’चे नाव लवकरच निघते, आणि ते निघाले की बोलण्याचा सूर बदलतो. इतर नेमलेल्या पुस्तकांचा विषय ‘कंटाळवाणे होते’ किंवा ‘परीक्षेपुरते वाचले’ एवढ्यावर मिटतो. या पुस्तकावर मात्र शाळा सोडून कित्येक वर्षे लोटलेली माणसेही तावातावाने बोलतात. इतके खोटे पुस्तक आपण दुसरे वाचले नाही असे एक जण सांगतो, तर इतके खरे पुस्तक दुसरे वाचले नाही असे दुसरा. तिसऱ्याला कथानकातले फारसे काही आठवत नाही, पण एका लठ्ठ, दमेकरी, चष्मा लावणाऱ्या मुलाच्या मृत्यूने त्या वयात झालेला संताप त्याच्या मनात अजून ताजा असतो. शिक्षक आणि समीक्षक यांच्यापैकी बरेच जण हा संताप अपक्व वाचनाचे लक्षण मानतात आणि मोठेपणी पुन्हा वाचा म्हणजे मोल कळेल, असा सल्ला देतात. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. या कादंबरीवर विद्यार्थी रागावतो तेव्हा तो ती नीट वाचत असतो. त्याचा राग शमवून त्याच्या हाती ‘माणूस मुळातच दुष्ट असतो’ हा तयार निष्कर्ष ठेवणारा वर्गच तिच्याकडे पुरेसे लक्ष देत नाही, हे मला या पत्रातून मांडायचे आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. अणुयुद्धाच्या काळात सुरक्षित ठिकाणी हलवल्या जाणाऱ्या इंग्रज शाळकरी मुलांचे विमान कोसळते आणि ती उष्ण कटिबंधातल्या एका निर्जन बेटावर अडकतात. सोबत एकही मोठे माणूस उरत नाही. शंख वाजवून सभा भरते, राल्फ नावाचा मुलगा प्रमुख निवडला जातो, डोंगरमाथ्यावर जाळ पेटता ठेवावा म्हणजे त्याचा धूर एखाद्या जहाजाला दिसेल असे ठरते, आणि चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांचा म्होरक्या जॅक आपल्या गटासह शिकारीचे काम घेतो. पुढे जाळ विझतो, अंधारातल्या कुठल्याशा श्वापदाची भीती पसरते, सभेला येणारी मुले कमी होत जातात, दोन मुले मारली जातात आणि अखेरीस राल्फच्या शिकारीसाठी सारे बेट पेटवून दिले जाते. जी. ए. कुलकर्णी यांनी ही कादंबरी मराठीत आणली. जी.एं.च्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना, अनुवादासाठी हेच पुस्तक त्यांनी का घेतले असावे, हे वेगळे सांगायला नको.

या पुस्तकाविषयीची पहिली प्रतिकूल प्रतिक्रिया कोणा विद्यार्थ्याची नव्हती. गोल्डिंग त्या वेळी इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे मुलांच्या शाळेत शिकवत होते. त्यांचे हस्तलिखित अनेक प्रकाशकांकडून नकार घेऊन फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेत पोहोचले, तेव्हा तिथे हस्तलिखिते चाळणाऱ्या बाईंनी ही कल्पनाकथा निरर्थक आणि नीरस असल्याचा शेरा मारून ते बाजूला ठेवले. चार्ल्स माँटीथ या नव्याने रुजू झालेल्या संपादकाने ते पुन्हा उचलले, सुरुवातीची युद्धवर्णनाची पाने काढून टाकायला लावली, आणि सप्टेंबर १९५४ मध्ये पुस्तक निघाले. अमेरिकेतही पहिली आवृत्ती फारशी खपली नाही. तिथे ते गाजले ते स्वस्त कागदी बांधणीत आल्यावर, १९६० च्या आसपास, आणि गाजवले ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी. म्हणजे आज जे पुस्तक विद्यार्थ्यांवर लादले जाते अशी तक्रार आहे, ते एके काळी विद्यार्थ्यांनीच हातोहात पसरवले होते. नेमणूक नंतर आली, आणि माझ्या मते खरी अडचणही तिच्याबरोबरच आली.

नेमणूक म्हटली की प्रश्नपत्रिका आली, आणि प्रश्नपत्रिकेला उत्तरे लागतात. या कादंबरीपुरती ती उत्तरे ठरून गेली आहेत: शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, तो लावणारा जाडा मुलगा पिगी म्हणजे बुद्धी, सायमन नावाचा शांत मुलगा म्हणजे संतत्व, जॅक म्हणजे हुकूमशाही, आणि या साऱ्याची बेरीज म्हणजे संस्कृतीचा पातळ मुलामा उडाला की आतला रानटी माणूस उघडा पडतो. ब्रिटनमधील जीसीएसई या शालेय परीक्षेसाठी नेमलेल्या पुस्तकांत ही कादंबरी दीर्घकाळ आहे, आणि तिच्यावरील मार्गदर्शिका चाळल्या तर हीच समीकरणे सर्वत्र भेटतात. ती चुकीची आहेत असे मी म्हणत नाही. गोल्डिंग यांनीच त्यांना बराच आधार पुरवला आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते, १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाईत त्यांनी भाग घेतला होता, आणि मधमाशी जसा मध तयार करते तसा माणूस दुष्टपणा तयार करतो हे त्या वर्षांतून जाऊनही ज्याला कळले नाही तो आंधळा तरी असावा किंवा वेडा तरी, अशा आशयाचे विधान त्यांनी पुढे आपल्या एका निबंधात केले. लेखकाचेच म्हणणे हाती आल्यावर वर्गाला आणखी काय हवे? परंतु लेखकाने आपल्या कलाकृतीचे दिलेले स्पष्टीकरण हे त्या कलाकृतीपेक्षा लहान असू शकते. इथे ते तसे आहे, असे मला कादंबरीच्या तपशिलांवरून वाटते.

हे तपशील पाहिले तर कादंबरी कोठेही असे सांगत नाही की मुले बेटावर उतरली आणि लगोलग पशू झाली. ती एकेक पायरी दाखवते, आणि बहुतेक पायऱ्यांवर दुसरे काही घडणे शक्य होते. पहिल्याच प्रकरणात तो जाडा मुलगा राल्फला विश्वासात घेऊन सांगतो की शाळेत मुले आपल्याला ‘पिगी’ म्हणून चिडवत, इथे कोणाला ते कळू नये. आणि थोड्याच वेळाने राल्फ सगळ्यांसमोर तेच नाव बोलून दाखवतो. सारी सभा हसते. बेटावरची मुले पहिल्यांदा खऱ्या अर्थाने एक होतात ती या हसण्यात, आणि ज्याला त्यातून वगळले आहे तोच पुढे मारला जाणार असतो. पिगीचे खरे नाव वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही, कारण राल्फ ते कधी विचारतच नाही. पिगी मात्र तो विचारील म्हणून वाट पाहत उभा असतो. चौदा वर्षांच्या वाचकाला या प्रसंगात राल्फचा राग येतो. मला तो राग या कादंबरीच्या कोणत्याही प्रतीकमीमांसेपेक्षा मोलाचा वाटतो, कारण कथेतल्या ‘चांगल्या’ नायकाने केलेली पहिली गफलत त्या वाचकाने अचूक पकडलेली असते.

निवडणुकीचेही तसेच आहे. राल्फ निवडून येतो तो काही विचार मांडून नव्हे. शंख त्याच्या हाती आहे, तो अंगापिंडाने चांगला आहे आणि शांत बसला आहे, एवढ्यावर. बुद्धीची चमक दाखवली आहे ती पिगीने, आणि नेता म्हणून सहज डोळ्यांत भरणारा मुलगा जॅक आहे, हे निवेदक तिथेच नोंदवून ठेवतो. हरलेल्या जॅकचे मन राखण्यासाठी राल्फ त्याचा गट त्याच्याकडेच राहू देतो, आणि त्या एका उदारपणातून बेटावर पहिल्याच दिवशी शस्त्रे बाळगणारी, एकाच माणसाचे ऐकणारी स्वतंत्र तुकडी तयार होते. पहिला जाळ आवाक्याबाहेर जातो आणि चेहऱ्यावर जांभळट जन्मखूण असलेला एक लहान मुलगा त्यानंतर दिसेनासा होतो. किती लहान मुले बेटावर आहेत हे कोणी मोजलेलेच नसते, आणि या मुलाचे काय झाले यावर धड चर्चाही होत नाही. पुढे जॅक राल्फला पदावरून काढण्यासाठी मत मागतो तेव्हा एकही हात वर होत नाही. तो रडत निघून जातो आणि राल्फला वाटते की प्रश्न मिटला. थोड्याच वेळात मोठी मुले एकेक करून कोणालाही न सांगता जॅककडे निघून गेलेली असतात. उघड सभेत एक आणि अंधारात दुसरे, या वागण्याला ‘आदिम रानटीपणा’ म्हणणे मला फार सोयीस्कर वाटते. ते अगदी सुसंस्कृत वागणे आहे, आणि विद्यार्थ्यांना ते आपल्या वर्गातून पुरेपूर ठाऊक असते.

आता त्या प्रसंगाविषयी, ज्यावर माझ्या मते वर्गात सर्वांत कमी वेळ दिला जातो. डोंगरावरचे ‘श्वापद’ म्हणजे हवाई छत्रीला अडकलेले एका मृत सैनिकाचे शरीर आहे, हे सायमनला कळते आणि ते सांगायला तो रात्री, वादळात, जॅकच्या मेजवानीच्या ठिकाणी येतो. तिथे नाचणारी मुले त्यालाच श्वापद समजून ठार मारतात. हे सगळ्यांना आठवते. पण त्या रात्री राल्फ आणि पिगीही तिथे मांस खायला गेलेले असतात आणि वादळाला भिऊन त्या रिंगणात सामील झालेले असतात, हे अनेक वाचक विसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी राल्फ जे घडले त्याला खून म्हणतो. पिगी त्याला गप्प करतो: अंधार होता, आपण घाबरलो होतो, तो अपघात होता, आपण तर कडेला होतो. मग सॅम आणि एरिक ही जुळी भावंडे येतात, आणि आपण दमलो होतो, लवकर निघालो, असे पिगी घाईने सांगून टाकतो. जुळी भावंडेही लगेच तेच म्हणतात. जुळ्यांच्या चेहऱ्यांवर जखमा दिसत आहेत आणि चौघेही एकमेकांना सांगत आहेत की आम्ही नाच पाहिलाच नाही. बेटावरची सर्वांत समंजस चार मुले आहेत ही. विवेकाचे प्रतिनिधी म्हणून ज्याला पाठ करायला सांगितले जाते तो पिगी या प्रसंगात जे बोलतो, ते ऐकून एखादा विद्यार्थी चिडला आणि म्हणाला की मला आता पिगीची कीव येत नाही, तर त्याला दोन गुण जास्त मिळायला हवेत. पिगी म्हणजे बुद्धी, या उत्तरात हा सकाळचा प्रसंग बसतच नाही.

पिगीवरून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती निव्वळ साहित्याची नाही. या कादंबरीविषयी सर्वांत कडवट बोलणाऱ्या वाचकांत काही असे असतात की ज्यांना शाळेत त्यांच्या जाडेपणावरून, चष्म्यावरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून चिडवले जात होते. पहिले प्रकरण वर्गात मोठ्याने वाचले जाते, सभा हसते तिथे वर्गही हसतो, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते टोपणनाव वर्गातल्या कोणाला तरी चिकटलेले असते. पुस्तकात शेवटी त्या मुलाच्या अंगावर दगड लोटला जाणार आहे, हे ज्याला चिकटले त्याला आधीच कळून चुकते. अशा वाचकाने मोठेपणी हे पुस्तक पुन्हा हातात धरायला नकार दिला, तर त्याला साहित्याची जाण नाही असे मी तरी म्हणणार नाही. त्याने ते बहुतेकांपेक्षा जवळून अनुभवले आहे. पुस्तक नेमणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी हे हसणे ऐकू येताच वाचन थांबवून त्याच हसण्याविषयी विचारले पाहिजे. ते थांबवले नाही तर धड्याचा अर्थ पाठ करून घेण्यात काय हशील?

याच्या उलट टोकाला ज्यांना पुस्तक खोटे ठरवायचे असते ते वाचक आहेत, आणि त्यांच्याकडे आता एक बिनतोड वाटणारा दाखला आला आहे. जून १९६५ मध्ये टोंगा या प्रशांत महासागरातील बेटांच्या देशाच्या राजधानीतील एका वसतिशाळेतील सहा मुले एक होडी पळवून समुद्रात गेली, वादळात सापडली, आठ दिवस भरकटली आणि अता नावाच्या निर्जन बेटाला लागली. पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन नाविकाला ती सप्टेंबर १९६६ मध्ये, म्हणजे सुमारे पंधरा महिन्यांनी, सुखरूप सापडली. त्यांनी विस्तव पेटवला आणि तो विझू दिला नव्हता, कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, भांडण झाले की दोघांनी काही वेळ वेगळे जाऊन डोके शांत करायचे असा नियम केला होता. एकाचा पाय मोडला तर इतरांनी तो बांधून बरा केला होता. (घरी परतल्यावर होडीच्या मालकाने त्यांच्यावर चोरीची फिर्याद केली, हा या हकिकतीतला भाग फारसे कोणी सांगत नाही.) रुट्गर ब्रेग्मन या डच लेखकाने २०२० मध्ये ही हकिकत जगापुढे पुन्हा आणल्यापासून, पाहा, खरी मुले अशी वागतात, असे म्हणून तिचा वापर गोल्डिंगविरुद्ध केला जातो.

मला ही हकिकत फार आवडते, आणि ‘माणूस मुळातच दुष्ट’ या निष्कर्षाविरुद्ध ती भक्कम पुरावा आहे हे मान्यच आहे. कादंबरीविरुद्ध मात्र ती तेवढी जात नाही. टोंगाची मुले सहाच होती, एकाच शाळेतली होती, आपण होऊन एकत्र निघालेली मित्र होती, पौगंडवयातली होती. त्यांच्यात सहा वर्षांची घाबरलेली, रात्री रडणारी पोरे नव्हती, की एखादी आधीपासून शिस्तीत बांधलेली तुकडी नव्हती. आणि त्यांनी जे केले ते नीट पाहावे: विस्तव जपणे, कामे वाटून घेणे, भांडणाला वेळीच आवर घालणे. राल्फच्या पहिल्या सभांत नेमकी हीच कामे ठरतात. कादंबरीतली मुले ती ठरवतात आणि सोडून देतात. टोंगाच्या मुलांनी ती ठरवली आणि पाळली. तेव्हा दोन्ही हकिकती शेजारी ठेवल्या की माणूस चांगला की वाईट हा प्रश्न मागे पडतो आणि कोणत्या दिवशी, कोणाच्या कोणत्या ढिलाईने काम सुटत गेले हा प्रश्न पुढे येतो. वर्गात दोन्ही एकत्र वाचाव्यात, असे मी सुचवीन. एकीने दुसरीला खोडण्यासाठी मात्र नव्हे.

काही आक्षेप छोटे पण गमतीदार आहेत. पिगीच्या चष्म्याने सूर्यकिरण एकवटून जाळ पेटवला जातो. पण पिगी लघुदृष्टीचा आहे हे कादंबरीतच स्पष्ट आहे, आणि लघुदृष्टीच्या चष्म्याची अंतर्वक्र भिंगे किरण एकत्र आणत नाहीत, फाकवतात. भौतिकशास्त्र नुकतेच शिकलेला विद्यार्थी ही चूक हटकून दाखवतो, आणि बरोबर दाखवतो. ती लेखकाचीच चूक आहे, तिचा बचाव करण्यात अर्थ नाही. कथेला तिने मोठे नुकसान होत नाही इतके म्हणावे आणि पुढे जावे. बेटावर मुली का नाहीत, हा आक्षेप त्याहून मोठा आहे. मुलगेच आहेत, तेही एका विशिष्ट वर्गाच्या शाळांतले, आणि त्यांच्यावरून साऱ्या मानवजातीविषयी बोलणे हे जरा जास्तच आहे. अर्थात, ते बोलणे कादंबरीपेक्षा तिच्या मार्गदर्शिकाच अधिक करतात.

ज्या आक्षेपापुढे मी स्वतः निरुत्तर होतो तो वेगळाच. मुले बिघडली हे दाखवण्यासाठी गोल्डिंग त्यांचे चेहरे रंगवतात, हाती भाले देतात, त्यांना टोळी म्हणतात आणि रिंगण धरून नाचायला लावतात. हे सारे चित्र इंग्रज वाचकाने साम्राज्याच्या काळातल्या साहसकथांतून उचललेले ‘रानटी लोकां’चे चित्र आहे. आर. एम. बॅलंटाइन यांची ‘द कोरल आयलंड’ ही १८५७ ची कादंबरी, जिच्यात राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन इंग्रज मुले बेटावर सचोटीने राहतात आणि दुष्टपणा बाहेरून येतो, ती गोल्डिंग यांनी उलटी करून दाखवली हे खरे. राल्फ आणि जॅक ही नावेही तिथलीच. पण उलटवताना रंग तोच वापरला. जगातल्या ज्या समाजांत चेहरा रंगवून नाचणे हा सणाचा, प्रार्थनेचा किंवा शोकाचा भाग आहे, तिथल्या मुलाने हे पुस्तक वाचताना काय वाटून घ्यावे? नंतरच्या आवृत्त्यांत एक वांशिक अपशब्द बदलण्यात आला. चित्र बदलता येण्यासारखे नाही. हा दोष मान्य करूनच पुस्तक शिकवावे लागेल, आणि तो ज्याने बोलून दाखवला त्याला ‘त्या काळी तसेच लिहीत’ एवढ्यावर बसवू नये.

याच संदर्भात शेवटाविषयीची तक्रार येते. राल्फ जिवाच्या आकांताने किनाऱ्याकडे पळतो, वाळूत पडतो, वर पाहतो तर समोर नौदलाचा गणवेशधारी अधिकारी उभा. मारेकरी क्षणात शेंबडी पोरे होतात. अनेक विद्यार्थ्यांना ही फसवणूक वाटते: लेखकाला पुढे काय करावे कळले नाही म्हणून त्याने मोठे माणूस आणून उभे केले. पण तो अधिकारी कशामुळे आला ते पाहावे. राल्फला धूर काढून बाहेर आणण्यासाठी लावलेल्या वणव्याचा धूर त्याला दिसला. जाळ जपून जे इतके दिवस साधले नाही, ते खुनाच्या इराद्याने लावलेल्या आगीने साधले. इंग्रज मुलांकडून याहून बरे वागणे अपेक्षित होते असे म्हणणारा, आणि ‘कोरल आयलंड’चे नाव घेणारा तो अधिकारी स्वतः युद्धनौकेवरून उतरला आहे आणि पुन्हा तिच्यावरच चढणार आहे. राल्फ रडू लागल्यावर तो अवघडून नजर दुसरीकडे वळवतो, आपल्या नौकेकडे. त्याआधी त्याच्यापुढे पर्सिव्हल नावाचा चिमुरडा येतो. कथेच्या सुरुवातीला जो कोणीही विचारले की आपले पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक घडाघडा म्हणत असे, तो आता सांगायला तोंड उघडतो आणि त्याला काही आठवत नाही. ज्यांना शेवट गोड वाटला त्यांनी हे एवढे वाक्य पुन्हा वाचावे.

राहिला प्रश्न हे पुस्तक शाळेत असावे की नसावे. अमेरिकेत ते शाळांतून काढावे अशा मागण्या वेळोवेळी झाल्या आहेत. हिंसा आणि भाषा ही त्यांची नेहमीची कारणे. ते काढावे असे मला वाटत नाही. बारा वर्षांच्या आत देऊ नये, चौदा-पंधरा हे वय योग्य आहे. बाकी जे बदलायचे ते प्रश्नपत्रिकेत. ‘शंख कशाचे प्रतीक आहे?’ असे विचारण्याऐवजी, जॅकची टोळी रात्री धाडीला येते तेव्हा शंख तिथेच ठेवून फक्त चष्मा का नेते, आणि पिगीला मात्र ते शंखच न्यायला आले असे का वाटते, हे विचारता येईल. ‘मानवी स्वभावाविषयी लेखकाचे मत लिहा’ याऐवजी, राल्फला हे सारे थांबवता आले असते असा एक क्षण निवडा आणि त्याने तिथे काय करायला हवे होते ते लिहा, असे विचारता येईल. सॅम आणि एरिक राल्फची लपण्याची जागा सांगून टाकतात ती छळामुळे. त्यांना दोषी धरावे का? विल्फ्रेड नावाच्या मुलाला बांधून मारले जाणार आहे आणि त्याचे कारण कोणालाच ठाऊक नाही, तरी एकही जण ते विचारत नाही, का? या प्रश्नांना पाठ करून ठेवता येईल असे उत्तर नाही, आणि ज्याला पुस्तक आवडले नाही त्यालाही ते नीट सोडवता येतात.

शिवाय एक प्रश्न असा ठेवावा की ज्यात न आवडण्याची कारणे विचारलेली असतील आणि ती पुस्तकातील प्रसंगांनी सिद्ध केल्यास पूर्ण गुण मिळतील. परीक्षकांना तपासायला जरा वेळ जास्त लागेल, एवढेच. आणि पाठ्यक्रम पुरा करण्याच्या घाईत असलेल्या शिक्षकांना मी इतके सुचवीन की सायमनच्या मृत्यूनंतरच्या त्या सकाळच्या दोन-तीन पानांना एक अख्खा तास द्यावा. प्रतीकांची यादी फळ्यावर लिहायची राहून गेली, तर ती मुलांना कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडेल.

आपला नम्र,
एक वाचक